सोयरीक ठरण्याआधी

मकर संक्रांतीला मारळच्या डोंगरात मार्लेश्वराचं लग्न लागतं. नवरी गिरिजादेवी साखरप्याहून पालखीने येते, देवरुखचा व्याडेश्वर लग्नाला जातीने हजर असतो आणि मागणी घालण्यापासूनचे विधी माणसांच्या लग्नात व्हावेत तसे होतात. संगमेश्वर तालुक्यात लग्न म्हटलं की असं गावागावांनी रीतसर जोडलेलं नातं डोळ्यांपुढे येतं. आपल्या घरांतही सोयरीक जुळवताना चौकशी कमी होत नाही. मुलाची नोकरी, मुंबईतली खोली, सातबाऱ्यावरची नावं, कुळ, देवक, पत्रिका, सगळं पाहिलं जातं. मुलगी मामाच्या घरची असली की मात्र ही चौकशी आपोआप थांबते. ‘आपलीच माणसं, त्यांची काय चौकशी करायची?’ असं म्हणत सुपारी फुटते.

ही पुस्तिका त्या थांबलेल्या चौकशीविषयी आहे. रक्ताच्या नात्यात लग्न झालं तर होणाऱ्या मुलांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, किती होतो आणि तो टाळण्यासाठी किंवा वेळीच ओळखण्यासाठी काय करता येतं, हे तिच्यात सांगितलं आहे. नात्यात लग्न केलेल्यांना दोषी ठरवण्यासाठी ती लिहिलेली नाही. अशी कितीतरी जोडपी सुखाने नांदत आहेत, त्यांची मुलं निरोगी आहेत, आणि ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या अनेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा एकमेकांची आतेमामे भावंडं असतील. मला एवढंच म्हणायचं आहे की जिथे नातं सगळ्यांत जवळचं, तिथे आजाराची विचारपूस सगळ्यांत जास्त हवी. आणि नेमकी तिथेच आपण ती सोडून देतो.

अशी लग्नं का होतात, हे आधी समजून घ्यायला हवं. मामाकडे दिलेली किंवा मामाकडून आणलेली मुलगी परक्या घरात जात नाही. सासू म्हणजे आत्या, सासरा म्हणजे मामा. तिला रागावणारी माणसंही ओळखीची असतात. देण्याघेण्याची ओढाताण कमी होते. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि बागेवर नावं अनेक, त्यामुळे घरातलं घरात राहावं ही इच्छा समजण्यासारखी आहे. मुलगा मुंबईला चाकरमानी, म्हातारे आईवडील गावी, मग सून ओळखीची असेल तर ती त्यांना सांभाळेल हा भरवसा वाटतो. या साऱ्यामागे लोभ फार थोडा आणि मुलीची काळजी बरीच आहे. म्हणून या प्रथेला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रथा जुनी आहे आणि तिच्यावरचा वादही तितकाच जुना आहे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणं हा दक्षिणेकडचा आचार असल्याची नोंद बौधायनाच्या धर्मसूत्रात आहे. पुढे ‘मातुलकन्यापरिणय’ चालावा की नाही, यावर निबंधकारांनी शतकानुशतकं पानंच्या पानं लिहिली. हा वाद आपल्या जिल्ह्याला परका नाही. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ १७९० च्या सुमारास पंढरपुरात सिद्ध करणारे काशीनाथ उपाध्याय हे मूळ संगमेश्वराजवळच्या गोळवलीच्या घराण्यातले. आणि धर्मशास्त्राचा सगळा इतिहास पाच खंडांत मांडणारे, १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे. काण्यांनी या विवाहाच्या बाजूची आणि विरुद्धची वचनं आपल्या ग्रंथात एकत्र मांडली आहेत. ती वाचली की दिसतं ते असं: शास्त्रकारांचं एकमत कधीच नव्हतं, आणि शेवटी कौल बहुधा कुळाचाराच्या, देशाचाराच्या बाजूने पडला.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात ठेवलं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचंही लग्न मान्य. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, मात्र आत्याची मुलगी करणं बऱ्याच ठिकाणी टाळतात. चुलत आणि मावस भावंडं तर हिंदू घरांत सख्ख्यासारखीच मानली जातात. मुस्लिम घरांत चुलत, मावस, आते, मामे अशा चारही नात्यांत लग्न होऊ शकतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही हीच परंपरा पुढे चालवली. आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचं सपिंड नातं आणि भावाबहिणींच्या मुलांमधलं लग्न त्याने निषिद्ध ठरवलं, पण रूढी असेल तर सूट ठेवली.

समाजाने घातलेले हे भेद जनुकांना मात्र माहीत नसतात. मामाची मुलगी चालते आणि मावशीची चालत नाही, हा नियम आपला. रक्ताच्या हिशेबात चुलत, मावस, आते, मामे या चारही भावंडांचं अंतर सारखंच आहे: कोणत्याही दोघांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात. गोत्राचंही तसंच. गोत्र वडिलांकडून येतं, त्यामुळे मामाच्या मुलीचं गोत्र आपल्याहून वेगळं निघणारच. ‘गोत्र जमतं’ म्हणून निर्धास्त झालेल्या घराला कळतच नाही की मुलाच्या आईच्या बाजूने आलेलं सगळं नातं त्या तपासणीतून निसटून गेलं आहे. रक्तगटाबद्दलचा समज तर फारच पसरला आहे. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलात व्यंग येतं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. त्याला काहीही आधार नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते. पण तो प्रश्न वेगळा आहे, त्याचा नात्याशी संबंध नाही आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शनचा उपाय आहे.

मग खरा धोका येतो कुठून? आपल्या शरीरातल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत पुष्कळदा काम भागवते आणि माणूस पूर्ण निरोगी राहतो. अशा माणसाला त्या आजाराचा वाहक म्हणतात. जवळजवळ प्रत्येकजण अशा काही बिघडलेल्या प्रती आयुष्यभर बाळगतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. नवरा आणि बायको दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील, तरच अडचण येते. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील आणि ते आजारी होईल. चारात दोन अशा की ते आईबापांसारखंच वाहक होईल. आणि चारात एक अशी की ते पूर्ण मुक्त असेल. हा हिशेब प्रत्येक बाळासाठी नव्याने सुरू होतो. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार’ असं मानणारी घरं आहेत. तसा नियम नाही. दुसऱ्या बाळालाही तीच चारात एक शक्यता असते.

नात्याने नेमकं काय बदलतं, ते आकड्यांत पाहू. समजा एखाद्या दुर्मीळ आजाराचे वाहक शंभरात एक आहेत. नातं नसलेल्या जोडप्यात दोघंही वाहक असण्याची आणि त्यांचं बाळ आजारी होण्याची शक्यता चाळीस हजारांत एक इतकी निघते. नवरा वाहक असून बायको त्याची मामेबहीण असेल, तर तीच प्रत तिच्याकडे असण्याची शक्यता आठात एक. मग बाळ आजारी होण्याची शक्यता सुमारे बत्तीसशेत एकावर येते. म्हणजे साधारण बारा पट वाढ. मामा-भाचीच्या लग्नात सामायिक जनुकं एक चतुर्थांश, त्यामुळे तिथे ही शक्यता सुमारे सोळाशेत एक. साटंलोटं करून, म्हणजे बहीण देऊन बहीण करून झालेल्या दोन लग्नांतली मुलं एकमेकांची दोन्ही बाजूंनी भावंडं असतात. त्यांचं आपसात लग्न झालं तर हिशेब मामा-भाचीइतकाच जवळचा होतो. आणि आजोबांनी, वडिलांनी आणि मुलानेही मामाचीच मुलगी केली असेल, तर एकाच पिढीत झालेल्या अशा लग्नापेक्षा ही शक्यता अधिक.

एकेका आजाराची ही शक्यता लहान वाटते. पण अशा रीतीने पिढ्यांत उतरणारे आजार एक-दोन नाहीत, हजाराहून अधिक आहेत: थॅलेसीमिया, जन्मजात बहिरेपणाचे अनेक प्रकार, डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारे आजार, स्नायूंची ताकद हिरावणारा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, शरीरातल्या रासायनिक क्रियांचे दोष. सगळे मिळून पाहिले तर चित्र असं दिसतं: कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या आते-मामे, चुलत, मावस भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचे निष्कर्ष आले. तिथेही जन्मजात दोषांचं प्रमाण भावंडांच्या लग्नात तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेलं आढळलं, आणि ही वाढ गरिबीमुळे झाली असं म्हणता येत नव्हतं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. शंभरातली चौऱ्याण्णव बाळं या दोषांशिवाय जन्माला येतात, हेही खरं. आणि नात्यामुळे वाढलेली ती तीन बाळं ज्या घरांत जन्मतात, त्या घरांचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं, हेही खरं.

जगाला हे कळायला वेळ लागला. १९०२ मध्ये लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड अल्काप्टोनुरिया या आजाराचा अभ्यास करत होते. त्यात बाळाची लघवी हवेत राहिली की काळी पडते. असं मूल असलेल्या घरांत आईवडील भावंडं असण्याचं प्रमाण विलक्षण जास्त आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि आनुवंशिक आजारांच्या आधुनिक अभ्यासाची पायाभरणी तिथे झाली. त्याआधी चार्ल्स डार्विनला हा प्रश्न स्वतःच्या घरात छळत होता. त्याने १८३९ मध्ये आपल्या मामेबहिणीशी, एम्मा वेजवूडशी लग्न केलं. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत भावंडांच्या लग्नांविषयी एक प्रश्न घालावा, असा त्याने आग्रह धरला. संसदेने तो फेटाळला. आपल्याकडे मुंबईत ल. दे. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा समाजगटांतल्या नात्यातल्या लग्नांची मोजणी करून ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारला जातो आणि त्यातून तामिळनाडू, कर्नाटकासारख्या दक्षिणेच्या राज्यांत हे प्रमाण उत्तरेपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दिसतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मुलातलं प्रत्येक व्यंग नात्यामुळे येत नाही. डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वाढत्या वयाशी आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ बहिरं होऊ शकतं. जन्मताना गुदमरलेलं बाळ, कावीळ डोक्यात गेलेलं बाळ, फॉलिक अ‍ॅसिड न मिळाल्याने मणक्यात दोष राहिलेलं बाळ, यांत नात्याचा हात नसतो. आणि नातं नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गावांत आणि एकाच जातीत लग्नं होत आली की ‘नात्यात नसलेली’ माणसंही दूरच्या पूर्वजांतून जोडलेली असतात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समाजगट तपासले गेले; त्यांपैकी ८१ गटांमध्ये मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद निघाला. आपल्या तालुक्यात खोऱ्याखोऱ्यांत सोयरीक फिरत राहते. म्हणून ही पुस्तिका केवळ मामाची मुलगी केलेल्यांसाठी नाही.

मनाला सर्वांत लागणारी गोष्ट सुनेविषयीची आहे. बाळ आजारी निघालं की पहिलं बोट तिच्याकडे जातं. तिचं खाणं, तिचं काम, ग्रहणात तिने काय चिरलं, तिच्या माहेरचं काय, सगळ्याची उजळणी होते. वर सांगितलेला हिशेब पुन्हा वाचा: अशा आजारात बिघडलेली एक प्रत आईकडून येते आणि एक बापाकडून, दोन्ही सारख्याच नकळत. तिथे एकट्या आईला दोष देणं हे विज्ञानाच्या दृष्टीनेही खोटं आहे. आणि नात्यातल्या लग्नात तर ती प्रत दोघांना एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून मिळालेली असते. मग बोट कोणाच्या माहेराकडे दाखवणार? या पुस्तिकेतलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नका.

देवरुखात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी, म्हणजे सगळ्यांच्या मावशींनी, एका लहानशा प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभं केलं. त्या काळी आई आणि बाळ दोघंही बाळंतपणातून जगून उठणं हीच मोठी गोष्ट होती. जुलाब, धनुर्वात, न्यूमोनिया यांनी लहान मुलं जात असत आणि त्या गर्दीत एखादं बाळ आनुवंशिक आजाराने गेलं तर ते वेगळं दिसतही नसे. ‘बाहेरचं झालं’, ‘दृष्ट लागली’, ‘दिवस भरले होते’ एवढ्यावर ते दुःख मिटत असे. आज लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, आणि ते जुने आजार मागे हटले. त्यामुळे जे उरलं ते आता उघडं दिसतं: एकाच घरात दोन मुलं ऐकू न येणारी, किंवा सहा महिन्यांचं बाळ पांढरंफटक पडत जाणारं. मावशींच्या पिढीने बाळ जगवण्याचं काम हाती घेतलं होतं. आपल्या वाट्याला त्याच कामाचा पुढचा भाग आला आहे.

आणि आज करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं काम फुकटचं आहे: दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांची यादी. कोणाचं मूल लहानपणी गेलं, कोणाला जन्मतः ऐकू येत नव्हतं, कोणाला वारंवार रक्त द्यावं लागे, कोणाची दृष्टी तरुणपणी गेली, कोणाचे गर्भ पुन्हा पुन्हा पडले. ही माहिती घरातल्या आत्यांना, काकूंना, आजींना असते. त्यांना विचारलं जात नाही म्हणून त्या सांगत नाहीत, आणि पुढच्या मुलींची लग्नं अडतील या भीतीने दडवतात. ही भीती खोटी नाही, पण दडवलेल्या माहितीची किंमत शेवटी घरातलंच एखादं बाळ मोजतं. दुसरं काम, साध्या रक्ततपासणीचं. थॅलेसीमिया आणि सिकल सेलचे वाहक एचपीएलसी नावाच्या तपासणीत ओळखता येतात. ती लग्नाआधी करणं सर्वांत उत्तम, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी. दोघंही वाहक निघाले तर दहाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी होऊ शकते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत या विषयातलं काम अनेक वर्षं चाललं आहे. गर्भलिंग सांगायला बंदी करणारा कायदा आनुवंशिक आजारासाठीच्या अशा तपासणीला परवानगी देतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

तिसरं काम जन्मानंतरचं. बाळाला ऐकू येतं की नाही, हे पहिल्या महिन्यात तपासता येतं. तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू झाला तर ते मूल बोलायला शिकण्याची शक्यता कितीतरी वाढते. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि नात्यात लग्न झालेलं असेल तर डॉक्टरांना, आशाताईंना ते पहिल्याच भेटीत सांगा. बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, वाढ खुंटली आहे, अशा वेळी आईवडील भावंडं आहेत हे कळलं तर डॉक्टरांचं लक्ष योग्य दिशेला लवकर जातं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: आधी घराण्याची यादी कशी करायची, मग लग्नाआधीच्या आणि गरोदरपणातल्या तपासण्या, मग बाळाच्या पहिल्या वर्षातल्या खुणा, आणि शेवटी आजारी मुलाला वाढवणाऱ्या घरांसाठी शाळा, दिव्यांग प्रमाणपत्र आणि उपचारांची माहिती. ते शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी हरकत नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना आधी उपदेश नको असतो, आधार हवा असतो.

नात्यात लग्न करायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलामुलीचा आहे. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर ते सगळं समजून म्हटलेलं असावं, आणि ‘नको’ म्हटलं तर मामाने तो आपला अपमान मानू नये, अशी माझी विनंती आहे. आपल्या आजीआजोबांना यातलं काही माहीत असण्याचा मार्गच नव्हता, म्हणून त्यांना बोल लावता येत नाही. आपल्याला मात्र आता माहीत आहे. तेव्हा सुपारी फोडण्याआधी दोन्ही घरांनी एकत्र बसून घरातल्या आजारांविषयी मोकळेपणी बोलावं, आणि त्या बैठकीत मुलीलाही बोलू द्यावं.

देवरूख, जि. रत्नागिरी